आईच्या पाठीतलं पाणी

४ फेब्रुवारी
आज आईने पुन्हा ताट भिरकावलं. वर म्हणते, "पोटात होतीस तेव्हाच पाडायला हवं होतं तुला." शेजारच्या काकू दारातच उभ्या! मी खाली बसून सांडलेलं गोळा करत राहिले.
तिचा छातीचा कॅन्सर काढून दोन वर्षं झाली. पण असं कधी बोलली नव्हती.

७ फेब्रुवारी
आईचं डोकं ठणकतं, उठल्या उठल्या उलटी, तिला एकाचे दोन दिसतात. डॉक्टरांनी विचारलं, "स्वभावात काही बदल?" सांगितलं — सगळं नाही. म्हणाले, कॅन्सर मेंदूच्या आवरणात पोचला असेल, त्याने माणूस बदलतो. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघू, त्यात पेशी मिळतात का.
म्हणजे हे आई बोलतच नाहीये! येताना गाडीत रडले. किती बरं वाटलं!

११ फेब्रुवारी
तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी. मी घट्ट धरून होते. सुई आत गेली आणि ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. "मुलाला बोलाव माझ्या. तू नकोस." तो परदेशात बसलाय. पाणी थेंब थेंब नळीत पडत होतं. एकदम नितळ. मला ते गढूळ हवं होतं.

१३ फेब्रुवारी
पाण्यात काही नाही. भाऊ फोनवर ओरडला, "वाचली आई!" मी बाथरूमची कडी लावून बसले. मग ते सगळं बोलणं तिचं स्वतःचं?

१४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, "पहिल्या खेपेला पुष्कळदा हुकतं. पुन्हा काढू." भाऊ चिडला — "कशाला टोचून छळतेस तिला?" सही मीच केली. तिच्यासाठी केली का? लिहवत नाही.

२० फेब्रुवारी
सापडल्या! कॅन्सरच्याच पेशी.
डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मला हसू आवरेना. तोंडावर रुमाल दाबला. त्यांना वाटलं, रडतेय.

१२ मार्च
कण्यातून औषध सोडतात. गुण येतोय. आई आज स्वतःच्या हाताने चहा प्यायली. वार बरोबर सांगितला. भावाची चौकशी केली.

१३ मार्च
केस विंचरता विंचरता म्हटलं, "आई, मनाला लावून घेऊ नकोस हं. ते तू नव्हतीस, आजार बोलत होता."
आरशातून बघितलं माझ्याकडे. आवाज शांत, अगदी पूर्वीचा.
"आजाराने जीभ सैल सोडली, एवढंच. बोलले ते मीच."
मग म्हणाली, "फणी हळू फिरव. दुखतंय."
फिरवली हळू.