कुठं सोडू?

पंचवटी, नाशिक
९ जानेवारी २०२६

तीर्थरूप आयेस,

पाया पडतो. इकडं सगळे बरे आहोत. तुझी सून मैना शिवणाच्या क्लासला जाते. तुझा गुडघा कसा आहे? पत्र शेजारची आशा वाचून दाखवेल. फोनच केला असता, पण आवाजावरनं तू सगळं ओळखतेस.

दिवाळीला आलो नाही, तेव्हा भाडी खूप आहेत म्हणालो होतो. भाडी नव्हती गं. माझं कामच बंद होतं.

झालं असं, की टॅक्सीच्या ॲपवरचा आयडी माझा नव्हताच. आम्हाला गाड्या लावून देणारा सोमाशेठ पहिल्याच दिवशी म्हणाला, "भिका नाव बघून गाडीत कोण बसंल? माझ्या पुतण्याच्या आयडीवर चालव." पुतण्याचं नाव सार्थक. झालो मी सार्थक. मग एका गिऱ्हाइकानं फोटो वेगळा म्हणून तक्रार केली, आयडी बंद पडला आणि शेठनं हात वर केले.

चालकाची नोंद त्याच्याच नावानं व्हावी म्हणून मी कामगार कार्यालयात अर्ज दिला. मागच्या आठवड्यात तिथल्या अधिकारी मॅडमपुढं सुनावणी झाली, शेठलाही बोलावलं होतं. शिपायानं "भिका मोतीराम" असा पुकारा केला आणि मी आपला ढिम्म बसून. मैना माझं नाव घेत नाही, रस्त्यावर सगळे सार्थक म्हणतात, कानांची सवयच गेलेली. शेठनं लगेच संधी साधली. "मॅडम, स्वतःच्या नावाला उठत नाय, असल्या माणसाला मी ओळखत पण नाय."

आता गेलं सगळं, असंच वाटलं.

मॅडमनी कागदातून डोकं वर न काढता नुसतं विचारलं, "सार्थक?"

मी ताडकन उठलो. "हां मॅडम, कुठं सोडू?"

अख्खं ऑफिस हसलं, शिपाईसुद्धा. मॅडम शेठला म्हणाल्या, "आता सांगा, याला सार्थक कोणी केलं?" शेठला सगळं कबूल करावं लागलं.

कालपासून आयडीवर माझा फोटो आहे, माझं नाव आहे. गाडी दुसऱ्याकडून भाड्यानं घेतली. सुटलो गं आये.

आधीची दोन लेकरं गेली म्हणून देवापुढं पदर पसरून मला मागितलंस, म्हणून नाव भिका, असं तू सांगायचीस. मला त्या नावाची लाज वाटायची. आज सकाळी नाशिकरोडला एक आजी बसल्या, मोबाईल बघून म्हणाल्या, "भिकाच ना रे तू?" "हां आजी" म्हणता म्हणता मी दोनदा नाक ओढलं. त्यांना वाटलं, पोराला सर्दी झाली.

संक्रांतीला हरसूलला गाडी घेऊन येतो. तू पुढं माझ्या शेजारी बसायचं. कुठं सोडू, ते ठरवून ठेव.

तू मागून घेतलेला,
भिका