झोक जातो म्हणून

चंदगड, ७ एप्रिल २०२५

चि. उदयसिंहास आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या शेजारच्या झुंबरबाईने तुला कोल्हापूरच्या स्टँडवर पाहिलं. भर दुपारी झोकांड्या खात, कठडा धरून चालला होतास म्हणे. दारूबंदीवाल्या आक्काचा भाऊच पिऊन डुलतोय की, असं ती गल्लीभर सांगत सुटलीय. तीन दुकानं बंद पाडली मी या तालुक्यात, आणि तू माझ्याच तोंडाला कुलूप लावलंस. पितोस का, एवढंच खरं कळव. ओले काजूगर पाठवलेत. ते तरी शुद्धीत खा.

आशीर्वाद आहेतच, पण रागासकट.
आक्का

कोल्हापूर, १२ एप्रिल

ती. आक्कास सा. न. वि. वि.

थेंबही घेतलेला नाही. आजार आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. म्हणून झोक जातो. ऊन वाढलं की असा थकवा येतो की हातातला खडूही जड होतो. औषध चालू आहे, पण हा मुळातून बरा होणारा आजार नव्हे. दीड वर्ष तुझ्यापासून लपवलं, हे चुकलं.

माझे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. शाळेकडे तळमजल्यावरची खोली आणि बसून शिकवायला खुर्ची मागितली. मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सुचवलं की आता विश्रांती घ्या. बावीसला संस्थेची बैठक आहे. राजीनामा लिहून ठेवलाय. इतिहास शिकवण्याखेरीज मला काय येतं, ठाऊक नाही.

काजूगर संपले. लोभ असू दे. तो तरी उतरू देऊ नकोस.
उदय

चंदगड, १६ एप्रिल

चि. उदयसिंहास आशीर्वाद, आणि या वेळी माफीही.

चौकशीशिवाय कुणाला दोषी ठरवू नका, असं चाळीस वर्षं ओरडत आले, आणि सख्ख्या भावाला चालीवरून दारुडा ठरवलं. काल महिला मंडळात उभी राहून हे कबूल केलं. झुंबरबाई रडली, मग तुला सोबत पाहिजे का, विचारू लागली.

आता ऐक. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तुझ्या आजाराचं नाव छापलेलं आहे. प्रत जोडलीय, खूण केलीय. खोली आणि खुर्ची ही मेहेरबानी नव्हे. आवाज बारीक करू नकोस. मी येऊन बोलले असते, पण बैठक तुझी आहे. बसूनच बोल. मी टेबलावर चढून भाषणं केली, म्हणून माझे शब्द काही उंच झाले नाहीत. राजीनामा फाड.

बावीसनंतर पोस्टमनला दारातच अडवणार आहे.
आक्का

कोल्हापूर, २३ एप्रिल

ती. आक्कास सा. न. वि. वि.

बसून बोललो. एका सभासदाने चालून दाखवायला सांगितलं. मी म्हणालो, इतिहास शिकवतो, कवायत नव्हे. तपासायचं तर माझ्या वर्गात येऊन बसा. अर्धा तास वाद झाला. जूनपासून तळमजल्यावरची खोली मिळाली. खुर्चीचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. तोवर घरची नेणार, आणि पुढच्या बैठकीलाही जाणार.

झोक आजही गेला, उद्याही जाईल. झुंबरबाईला सांग, कठडा सापडला नाही तर तिचा खांदा धरीन. मग गल्लीला काय सांगायचं ते सांगू दे.

राजीनामा मात्र फाडला नाही. कागद जाड, चांगला होता. हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलंय. पान उलटू नकोस; तिकडे वाचण्यासारखं काही नाही.

तुझ्या लोभाने चढलेला,
उदय