तू विणलेली कानटोपी

स्टेलेनबॉश विद्यापीठ

आई,

मी इथे जिवंत आहे, तुम्हीही सगळे असालच. आधी तुला हवं ते सांगते: दहाही बोटं जागेवर आहेत आणि पोटभर जेवते. मका-घेवड्याला तुझ्या हातची चव नाही, एवढंच. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू विचारलंस, मी नेमकं करते काय. टायटॅनियम कापताना कटरवर किती जोर येईल, ते कापायच्या आधी सांगते. कटर तापून जळू नये म्हणून त्यावर द्रवरूप नायट्रोजन सोडतात. तो इतका गार, की आपला फ्रीज त्यापुढे चूल वाटेल.

परवा माझं भाकीत एक आणि जोर मोजणारं यंत्र सांगे भलतंच. माझे मार्गदर्शक प्रोफेसर क्रील म्हणाले, "झोलेका, गणित चुकलंय. पदवीसाठी आणखी एक वर्ष काढ."

मी म्हटलं, "सर, गणित बरोबर आहे, यंत्र गारठलंय." आणि तुझी कानटोपी डोक्यावरून काढून यंत्राला घातली. "काढलीस तर मला कळेल" म्हणाली होतीस, म्हणून आधीच सांगते. कानपट्ट्यांखालून वायरीसुद्धा नीट बाहेर आल्या.

आकडे जुळले. सरांनी टोपी चाचपून पाहिली, मग लांबलचक काहीतरी बोलले. टोपीविना माझे कान गारठून बधिर झालेले, मला फक्त "पास" ऐकू आलं.

नाताळात घरी येतेय. नोकरी अजून लागलेली नाही, शेजारच्या मावशींना काय सांगायचं ते तूच ठरव. टोपी येणार नाही, सर तिला यंत्रावरून काढू देत नाहीत. आम्हा दोघींत आधी नोकरी तिलाच लागली.

तुझी उघड्या कानांची,
झोलेका