खेकड्याची जखम

चिंचवड

आईस अनसूयेचा पायांवर माथा.

तुझ्या जावयाची दोन बोटं कारखान्यात मशिनीत गेली. जीव वाचलाय, रडत बसू नको. विचारलं की "दुखत न्हाई" म्हणतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात.

काल ताकदीला म्हणून नदीचे खेकडे आणले. तुझ्यासारखीच जित्या खेकड्यांच्या नांग्या मोडायला बसले. त्यांना काही कळत नाही, असं तूच सांगायचीस. पण एक नांगी मोडली, तर खेकडा दुसरी नांगी त्या जागेवर दाबून बसला. काही केल्या काढीना.

हे वळून बघत होते. म्हणाले, "सोड त्याला. मलाबी लई दुखतंय."

टोपली नदीत रिकामी केली.

तुझा गुडघा कसा हाय? कुणाकडून तरी खरं लिहवून धाड.

तुझी अनसूया