उच्च गणिताचा तास

दि. ४ ऑगस्ट

चि. भाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? दिवसभर खडू धरून उभं राहायचं तुमचं वय राहिलं नाही, असं मी लिहायचं आणि तुम्ही हसून सोडून द्यायचं, हे चालूच आहे.

पत्राला कारण आपली ठकी. अकरावीच्या विषयांचा फॉर्म आला तेव्हा त्यात उच्च गणितापुढे ‘ऐच्छिक’ असं छापलं होतं. तुमचे दादा असते तर फॉर्म त्यांनीच भरला असता. मी वाचायला शिकले ती बांधणीला आलेली पुस्तकं वाचून. टेबलावर छापील पानांचे जे फर्मे पडतील ते वाचायचे. कधी शेवट आधी, कधी सुरुवातच नाही. त्यामुळे पुष्कळ शब्द माझ्या तोंडओळखीचे, पण त्यांच्या घरी मी गेलेली नाही. ऐच्छिक म्हणजे हौसेचं, गाण्या-चित्रकलेसारखं, असं मी धरून चालले. ठकीने विचारलं तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितलं की आधी जरुरीचं शिक, हौस नंतर. तिने लगेच रकाना मोकळा सोडला.

परवा शाळेत पालकांना बोलावलं होतं. कुठल्या कॉलेजला काय लागतं ते एक बाई फळ्यावर लिहीत होत्या. स्थापत्याच्या पुढे त्यांनी सगळ्यात आधी लिहिलं, उच्च गणित. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून माझ्या टेबलाखाली बसून पुठ्ठ्याच्या कातरणांचे पूल बांधते आहे. आणि तिच्या कॉलेजचं दार मीच लावून घेतलं. घरी येऊन तिला म्हटलं, तर म्हणते, जाऊ दे गं, आहेत तेवढे पूल पुरे आहेत. वर हसली. ते हसू मला बघवेना.

तुम्ही रोज दुसऱ्यांच्या मुलांना विषय निवडून देता आणि घरच्या मुलीचं मी तुम्हाला विचारलं नाही. आता काही होईल का? स्पष्ट लिहा. माझी समजूत काढत बसू नका.

तुमची
वहिनी

दि. ११ ऑगस्ट

ती. काकांस, ठकीचा शि. सा. न.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं तेव्हाच ओळखलं की आता आपली हजेरी घेतली जाणार. दहावीला गणितात पहिली आलेल्या मुलीला ऐच्छिकचा अर्थ कळत नव्हता का, असं तुम्ही विचारलंय. कळत होता, काका.

उच्च गणिताचा तास शाळा सुटल्यावर असतो, पाच ते सात. बाबा साडेपाचला घरी यायचे. ते गेल्यानंतर एकदा मला शाळेत उशीर झाला होता. घरी आले तर आई दार सताड उघडं टाकून बसली होती. पुस्तकांना खळ लावायचा कुंचला तिच्या हातातच वाळून कडक झाला होता आणि तिला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी शाळा सुटताच थेट घरी येते आणि सहा वाजेपर्यंत नुसती बोलत सुटते. मला एवढं बोलायला आवडत नाही हो. विषय संपतात. काल तर शाळेच्या गळक्या नळाबद्दल तिला पाऊण तास सांगितलं. नळाला फुटतील तेवढे फाटे फोडले.

म्हणून आईने हौस नंतर म्हटलं, तेव्हा मला आयतं निमित्त मिळालं. आता ती उठता-बसता स्वतःला दोष देते. खरं कळलं तर जास्तच देईल. तिला सांगू नका. शपथ घातली असती, पण तुम्ही शपथा मानत नाही, म्हणून नुसतं विचारते, सांगणार नाही ना?

काकूला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची
ठकी

दि. १६ ऑगस्ट

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

गुडघा कुरकुरतो, पण शाळेतल्या काही सहकाऱ्यांपेक्षा कमी.

समजूत न काढता लिहितो. या महिनाअखेरपर्यंत विषय वाढवता येतो. पालकाच्या सहीचा अर्ज द्यायचा, गणिताच्या बाईंची संमती घ्यायची, आणि सप्टेंबरमध्ये झालेल्या भागावर चाचणी द्यायची. पन्नासपैकी वीस पडले तर विषय कायम, नाही तर रद्द.

ऐच्छिक म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं. अर्थ तुमचा थोडका चुकला, त्यासाठी डोकं बडवून घेऊ नका. मात्र अर्ज द्यायला स्वतः जा. शाळेच्या फलकावर अकरावीचं वेळापत्रक लावलेलं असेल, तेही वाचा. अगदी शेवटच्या तासापर्यंत वाचा. याहून जास्त मला लिहिता येत नाही. दिलेल्या शब्दात अडकलो आहे.

आपल्या कृपेची सावली आहेच, ती तशीच राहो.

आपला
धाकटा दीर

दि. २२ सप्टेंबर

चि. भाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

वेळापत्रक वाचलं. दोनदा वाचलं. मग तिथल्याच बाकावर थोडा वेळ बसले. मला वाटायचं पोरीला वारं लागलंय बडबडीचं. आणि ती माझ्यावर पहारा देत होती.

अर्जावर सही करून तिच्यापुढे ठेवला तर खूप वाद घातला. अभ्यास फार पडेल, डोकं दुखेल, काय काय. शेवटी मी म्हटलं, साडेपाचचं मी काय ते बघेन, तू माझ्या दुःखाची राखण करू नकोस. ते माझं आहे, मला पुरून उरेल. तेव्हा रडली. बाबा गेले तेव्हा रडली नव्हती एवढी.

तिच्या तासाच्या पहिल्या दिवशी साडेपाच वाजले. मी दारापर्यंत गेले, परत आले. रडले, खोटं कशाला लिहू. मग सहा वाजले. घरात मी एकटी असताना सहा वाजलेले मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. उठले आणि अर्धवट राहिलेलं पुस्तक शिवायला घेतलं. आता रोज तेच करते. काही दिवस टाके सरळ येतात, काही दिवस नाही.

काल चाचणीचा निकाल लागला. तेवीस. काठावर, पण अलीकडे नाही, पलीकडे. बाई तिला म्हणाल्या की बुडत बुडत आलीस, पण आलीस.

सातनंतर घरी आली ती दप्तरही न उतरवता कागद घेऊन बसली आणि चाचणीत चुकलेलं एक गणित मला समजावून सांगू लागली. मी हं हं करत होते. मध्येच पेन्सिल थांबवून तिने विचारलं, आई, तुला काही कळतंय का? मी म्हटलं, ओ की ठो कळत नाही, पण पहिल्यापासून सांग. तर तिने कागद उलटला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.

जाऊबाईंना सांगा, आठवण काढते. गुडघ्याला जपा, आणि आम्हा दोघींवर जीव आहे तसाच असू द्या.

तुमची
वहिनी