नऊला वीस मिनिटं कमी

४ मार्च

बाबा आज हसले. भिंगरीच्या विनोदावर!

ऑफिसातली ही नवी मुलगी एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आज जुन्या नकाशांबद्दल विचारायला घरी आली होती. बाबांनी पस्तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले, हे ऑफिसात मीच बोलून बसले होते.

नवव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांनीच शिकवलं. अक्षरं गावांच्या नावांवरून, आकडे नकाशाच्या मापपट्टीवरून. चुकलं की नुसतं ‘परत बघ’. बरोबर आलं की पुढचा नकाशा उलगडायचे. शाबासकी नाही. कधीच नाही.

आणि ती सव्वा तास बसली. निघाली तेव्हा बाबा तिच्यासमोरच म्हणाले, “डोळा आहे पोरीला.”

कप मी विसळले. एकाचा कान तुटला. मुद्दाम नाही.

६ मार्च

आमच्या प्रकाशनाचं मोठं पुस्तक चाललंय — देशाचं राजकारण, चित्रांत आणि नकाशांत. चित्रं शोधायची, साल ठरवायचं, हक्क कुणाकडे ते तपासायचं, परवानगी आणायची. हे आम्ही दोघी करतो. याच महिन्यात एकच जागा कायम होणार. तेही दोघींना माहीत आहे.

मी नऊ दिवस सीमेच्या एका नकाशामागे आहे. खाली छापलेलं साल छपाईचं, मोजणीचं नव्हे. मग मोजणी कधीची? काढणारा कोण, तो वारला कधी, हक्काची मुदत संपली का? तीन कार्यालयांना सात पत्रं!

आणि भिंगरीने काय केलं? बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या मालकाच्या मुलीशी गप्पा मारल्या आणि माळ्यावरच्या खोक्यातून फोटो काढून आणला! विधानभवनासमोरचा चौक, कॅमेऱ्याकडे धावत येणारी माणसंच माणसं. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, ती दुपार. त्या दुपारचा फोटो आजवर कुणाकडेच नव्हता. मुलीची लेखी परवानगीसुद्धा आणलीय, सही-तारखेसकट. त्यातही बोट ठेवायला जागा नाही.

संपादक खुर्चीतून उठलेच. “मुखपृष्ठ! हेच मुखपृष्ठ!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही फोटोकडे जामीन मागता. हिच्याकडे ते आपण होऊन चालत येतात.”

सगळे हसले. मीही हसले.

७ मार्च

लिहायला लाज वाटते. पोटात दुखतं. तिचं चांगलं झालं म्हणून.

९ मार्च

सापडलं!

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे, तारीख नाही. मग ही तीच दुपार कशावरून? तर मुलीचे वडील तसं सांगायचे म्हणून! मी भिंग घेऊन बसले. घुमटाखाली घड्याळ आहे. आकडे नाहीत, नुसत्या रेघा, पण काटे स्पष्ट — नऊला वीस मिनिटं कमी. आणि घोषणा झाली दुपारी तीनला. इमारतीचं तोंड दक्षिणेला, सावल्या डावीकडे पडलेल्या, म्हणजे ऊन पूर्वेचं. सकाळ. कुठल्यातरी भलत्याच दिवसाची गर्दी!

दोनदा तपासलं. तीनदा. दर वेळी तेवढाच आनंद. कामाचा आनंद असा नसतो, एवढं मला कळतं.

१० मार्च

बैठकीत सांगितलं. आवाज मुद्दाम हळू ठेवला — वाईट वाटत असल्यासारखा. संपादकांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग आपटलं. “साधं घड्याळ बघितलं नाहीस? छापून बसलो असतो तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं!” तारीख अज्ञात, फोटो बाद. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. “ताई, माझ्या लक्षातच आलं नाही हो.”

ताई! मला नाही व्हायचं तिची ताई.

घरी फोटोची प्रत बाबांपुढे ठेवली. घड्याळ, सावल्या, सगळं सांगितलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

“आणखी काय पाहिलंस?”

“आणखी काय पाहायचं?”

“हं,” म्हणाले आणि प्रत परत दिली. तिला डोळा, आणि मला हं!

१३ मार्च

फोटो बाद केल्याची नोंद लिहायला घेतली. नियमाप्रमाणे गर्दीचं वर्णनही द्यावं लागतं — पुरुष किती, बायका किती, कपडे कसे. पुढच्या माणसाच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. खिसा उजवीकडे. म्हटलं, डावखुरा असेल, शिवून घेतला असेल तसा. पण शेजारच्याचाही उजवीकडे. त्याच्यामागच्याचाही. अख्ख्या चौकात एकाचाही खिसा डावीकडे नाही!

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय फोटो. डावं ते उजवं झालंय. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी, पाटी नाही, फलक नाही, एक अक्षर नाही — कळणार कुणाला? प्रत खिडकीच्या काचेला लावून मागून पाहिली. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. सावल्या उजवीकडे.

तीच दुपार. भिंगरीचं खरं होतं.

नोंदीचा कागद खणात घालून ठेवला. कोराच.

१४ मार्च

संपादकांच्या दारापर्यंत तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “काय हवंय?” मी म्हटलं, “पंखा बंद करू का?”

१७ मार्च

जागा मला मिळाली.

मुखपृष्ठावर माझा नकाशा. काढणाऱ्याच्या मृत्यूचा दाखला आला, मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय. संपादक म्हणाले, “तुमच्यासारखं काटेकोर माणूसच हवं.” काटेकोर!

भिंगरीला एकवीसपर्यंतच यायला सांगितलंय. ती माझ्या टेबलाशी आली. “अभिनंदन, ताई.” आणि गेली नाही. उभीच राहिली.

“काही हवंय का?”

“नाही. मला वाटलं, तुम्हालाच काही बोलायचंय.”

“नाही गं बाई.”

हसली आणि गेली. इतकं सरळ हसता येतं तिला — त्याचासुद्धा हेवा वाटला.

घरी सांगितलं. आईने जवळ घेतलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही.

१९ मार्च

कुणाचं काय बिघडलं? फोटो इतकी वर्षं खोक्यात होता, आणखी राहील. तिला दुसरीकडे काम मिळेल. तिला सगळं मिळतंच.

वरचं वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य खरं नाही. पुस्तक उद्या दुपारी छापखान्यात जातंय. एकदा गेलं की कुणी विचारणार नाही.

२० मार्च, सकाळ

कपडे वाळत घालता घालता आई म्हणाली, “सांगू नकोस म्हणालेत हे, पण माझ्याच्याने राहवत नाही. ती पोर अकरा तारखेला येऊन गेली. तू ऑफिसात होतीस. म्हणत होती, फोटो उलटा छापलाय, खिसे बघा. हे म्हणाले, मी कालच पाहिले. ती निघालीच होती तुमच्या साहेबांना सांगायला, पण यांनी थांबवलं. म्हणाले, ‘माझ्या मुलीच्या नजरेतून ते सुटायचं नाही. ती आपण होऊन सांगेल, बघ.’ म्हणून थांबली गं ती.”

नऊ दिवस. स्वतःची जागा गेली तरी ती थांबली — बाबांच्या त्या एका शब्दावर.

आता सांगितलं तरी ते आपण होऊन सांगणं नाही. हे इथे लिहून ठेवते आणि निघते. बाबांशी संध्याकाळी बोलेन. आधी संपादक.