ब्लॅक रिव्हर कॉन्फरन्स : माझा अकरावा अंदाज

४ ऑगस्ट, सोमवार. पहाटे साडेपाच.
ब्लॅक रिव्हर कॉन्फरन्स या आठ कॉलेजांच्या गटातील अमेरिकन फुटबॉल हंगामाचा वार्षिक अंदाज लिहिण्यास आज प्रारंभ केला. हे अकरावे वर्ष. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पुढे लाकडाच्या गिरणीत लागलो. तथापि स्वल्पविराम कोठे द्यावा हे या गावात माझ्याइतके कोणासही ठाऊक नाही. अंदाज एकाच पानाचा असतो. वर पहिला येणारा संघ, तळाशी आठवा. हॉयट न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी तो लावला जातो आणि सारे टॅलो क्रीक गाव तो पाहूनच पैजा लावते. एवढी जबाबदारी अलाबामातील फार थोड्या वृद्धांवर असेल.

९ ऑगस्ट, शनिवार.
आठही कॉलेजांचे सराव पाहून झाले. वृत्तपत्रवाले आकडेमोड करतात. मी मुले पाणी कशी पितात ते पाहतो. रांग न मोडणारा संघ जिंकतो. सेंट क्लेमेंटची मुले एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतून खिदळत होती. आठवा क्रमांक. आमच्या टॅलो क्रीक कॉलेजची मुले चर्चमध्ये उभी असावीत तशी उभी होती. पहिला क्रमांक.
टॅलो क्रीकचा मुख्य प्रशिक्षक वेंडेल हा माझा जावई असून मी त्याच्याच घरी राहतो. याचा निर्णयाशी संबंध नाही. तो आल्यापासून पाचही वर्षे मी त्याला पहिला क्रमांक दिला. तो एकदा सातवा आणि चारदा आठवा आला. त्याबद्दल मी त्याला कधीही टोचून बोललेलो नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
माझी मुलगी लॉरीन खोलीत आली व तिने दार लावून घेतले. म्हणाली, "डॅडी, यंदा वेंडेलला आठवा टाका ना. माझ्यासाठी." कारण विचारता रडू लागली. वेंडेलचा करार या वर्षी संपतो. पहिल्या चारांत आला तर राहील, नाही तर कॉलेजचे घर सोडून जावे लागेल. मी तिला समजावले की पत्नीने पतीवर विश्वास ठेवावा. मुलीचा असा धीर सुटावा याचे वाईट वाटले. पहिला क्रमांक शाईने लिहिला.

१६ ऑगस्ट, शनिवार.
हॉयटने कागद दोन्ही हातांनी स्वीकारला. दुपारी टोपी विसरली म्हणून परत गेलो, तर कागद भिंतीवर उलटा, डोके खाली करून लावलेला. हॉयट हायस्कूल उत्तीर्ण आहे. आधुनिक शिक्षणाची ही दशा. मी तो सुलट केला.

३० ऑगस्ट, शनिवार.
टॅलो क्रीक ३, प्रतिस्पर्धी ३८. वाऱ्याची दिशा प्रतिकूल होती. सेंट क्लेमेंट जिंकले. अपघात.

१३ सप्टेंबर, शनिवार.
पुन्हा पराभव. सेंट क्लेमेंटचा पुन्हा अपघात. हॉयटकडे कागद पुन्हा उलटा. सुलट करू लागलो तोच खुर्चीतील गिऱ्हाईक म्हणाले, "राहू द्या हो, मिस्टर टिडवेल, आमच्या माना आता वळल्यात त्या बाजूला." दुकानातील सर्वांस एकाच वेळी खोकला आला. हवा बदलली आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार.
जेवताना वेंडेलला पाण्याच्या रांगेविषयी तीन सूचना केल्या. तो ताट तसेच ठेवून अंगणात गेला व बराच वेळ ट्रकमध्ये बसून राहिला. मनन करीत असावा.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
वेंडेलने मध्यंतरी तीन सामने जिंकले. त्यामुळे सर्व काही पुढल्या शनिवारवर आले आहे. सेंट क्लेमेंटला हरविले तर चौथा क्रमांक आणि घर राहील. सेंट क्लेमेंट अद्याप अपराजित आहे. इतके अपघात एका संघास होणे संशयास्पद वाटते.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
सायंकाळी हॉयट, टपाल वाटणारा लेस्टर आणि शेजारच्या मिस अर्डेल ओसरीवर आले. मिस अर्डेल यांनी पेकनचे, म्हणजे अक्रोडासारखे, दाणे घातलेला केक आणला. या शनिवारचा खास अंदाज हवा, अशी विनंती केली. मी सांगितले, टॅलो क्रीक जिंकणार. लेस्टरने डोके धरले. मिस अर्डेल म्हणाल्या, "अहो, असं अभद्र नका बोलू! सेंट क्लेमेंट म्हणा. एकदाच म्हणा." मी म्हणालो, तत्त्व विकत मिळत नाही. त्यावर हॉयट उखडला. "तत्त्व कसलं, मिस्टर टिडवेल? अकरा वर्षं गाव तुमचा कागद खालून वर वाचतंय! माझी बोट त्याच्यावर आलीय. अर्डेलबाईंचं छप्पर त्याच्यावर आलंय. तुम्ही ज्याला पहिला म्हणता त्याचं वाटोळं होतं. पाच वर्षं तुमच्या लेकीच्या नवऱ्याचं तेच चाललंय, अन् तुम्ही त्याच्याच घरात बसून बिस्किटं खाताय!"
मिस अर्डेल त्याला म्हणाल्या, "हॉयट, पुरे." पण तो चुकीचे बोलला असे त्यांपैकी कोणीही म्हणाले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
केक बरा होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
जुने दहा कागद काढले. खालून वर वाचले. दहापैकी नऊ वर्षे तंतोतंत. एवढा अचूक अंदाज मी आयुष्यात पाहिलेला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.
लॉरीन स्वयंपाकघरात कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवीत होती. माझ्याकडे पाहिले नाही. ऑगस्टनंतर तिने पुन्हा काही मागितलेही नाही. मी टेबलाशी बसलो व लिहिले : "शनिवारी सेंट क्लेमेंट वीस गुणांनी विजयी होईल." आयुष्यात प्रथमच मनाविरुद्ध वाक्य लिहिले. व्याकरण निर्दोष. मुले रांगेत पाणी पितात हे खरेच आहे. ते मी खोडले नाही, फक्त लिहिले नाही.
कागद स्वतः हॉयटकडे नेला आणि स्वतःच्या हाताने उलटा लावला. दुकानात टाळ्या पडल्या. हॉयट म्हणाला, "मिस्टर टिडवेल, आज दाढी फुकट!" लेस्टर तेथूनच बाहेर पळाला, टॅलो क्रीकवर होते नव्हते ते सारे लावणार म्हणाला. घरी येऊन लॉरीनला सांगितले. तिने माझ्या कपाळाचे चुंबन घेतले. तिच्या आईच्या अंत्यविधीनंतर हे प्रथमच. दोन कप तिने खोक्यातून परत बाहेर काढले.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
सेंट क्लेमेंट २७, टॅलो क्रीक ७.
फरक वीस. या कॉन्फरन्सच्या इतिहासात गुणांचा फरक इतका नेमका कोणी सांगितल्याचे माझ्या माहितीत नाही. घरात हे कोणास सांगितले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
वेंडेलला कॉलेजचे पत्र मिळाले, करार वाढविणार नाहीत. टेक्सासात एका शाळेत काम मिळेल म्हणतो. तेथील घर दोन खोल्यांचे आहे. लॉरीन माझ्याशी फार मऊ आवाजात बोलली. "डॅडी, मॉबिल रोडवरचा वृद्धाश्रम चांगलाय. तिथे तुम्हाला शांत वाटेल. टीव्हीपण आहे, सामने दिसतात." मी विचारले, शनिवारी माझे काही चुकले काय? ती म्हणाली, "नाही, डॅडी. या वेळी नाही चुकलं."
वेंडेल ट्रकमध्ये बसून होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
कागद परत आणावा म्हणून हॉयटकडे गेलो. दुकानाबाहेर त्याची बोट उभी होती, तिच्यावर "विकणे आहे" अशी पाटी. लेस्टर मला पाहून रस्त्यापलीकडे गेला. हॉयटने माझी दाढी केली आणि पैसे घेतले.
उठल्यावर सवयीने आरशाशेजारी गेलो व कागद सुलट करण्यास हात वर केला. आवश्यकता नव्हती. अकरा वर्षांत प्रथमच हॉयटने तो सुलट लावला होता.